इंदूच्या नावावरचा हात

दोनदा काच पुसली, तीनदा अंगठा पुसला, तरी त्या डबीएवढ्या मशीनला मी जिवंत वाटेना. "काका, अंगठा येऊन नाही राहिला तुमचा," काउंटरवरची हिमानी म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, सगळ्या दुकानाला ऐकवलं. दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनवाल्यांनी पांढुर्ण्याच्या बाजारातल्या या ऑनलाइन सेंटरवर यायचं, अजून मेलो नाही हे अंगठ्यानं सांगायचं, अन् वर हिला फी द्यायची. अन् हिनं मलाच अंगठा शिकवायचा! बावीस वर्षं मी बोरगावच्या सूतगिरणीत टाइमकीपर होतो. ज्या बायांना सही येत नव्हती, त्यांचे अंगठे शाईत बुडवून हजेरीवर टेकवायचं काम माझं. मनगट धरायचं, अंगठा डावीकडून उजवीकडं लोळवायचा, अन् सोडायचा. एकही कधी "आला नाही" असं झालं नाही. हे त्या पोरीला सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबूजी, केसाईले पुसा अंगठा. तेल लागते मंग लगेच येते." मी वळलो नाही. वळायची गरजच नव्हती. आवाज म्हातारा झाला होता, पण "बाबूजी"तला "बा" तसाच लांबवलेला. गुमान अंगठा केसांवरून फिरवला, काचेवर ठेवला, अन् मशीनवर हिरवा दिवा लागला. मी आणखी एका वर्षासाठी जिवंत झालो.

मागं मनकर्णा कळंबे उभी होती. नऊ वर्षांनी पाहिली. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढलं, विम्याचं कार्ड काढलं, अन् उजवा हात काउंटरवर ठेवला. त्या हाताला चार बोटं नाहीत. अंगठा तेवढा आहे, एकटाच. हिमानीनं हात पाहून नजर वळवली, कार्ड पाहिलं, कीबोर्डवर बोटं नाचवली. "आजी, इंदू कळंबे म्हणजे तुम्ही का?" "नाही वो बाई. इंदू माही जाऊ. धाकटी. दसऱ्याच्या आंधी गेली. दमा होता तिले." "मग मेलेल्या बाईचं जिवंत असल्याचं सर्टिफिकेट मी कसं काढू?" रांगेतले दोघं-तिघं हसले. वाईट माणसं नव्हती, पेन्शनर होती, बिचाऱ्यांना हसायला मिळतंच काय. पण मनकर्णा हसली नाही. "अवो, हाताची पेन्शन हाय ते. अन् हात तं माहा हाय नं! इंदू मेली म्हून माह्यी बोटं उगवली का?" मग ती माझ्याकडं वळली, अगदी निर्धास्त. "हे बाबूजी हायत नं उभे. याह्यच्यासमोर झालं सारं. बाबूजी, सांगा न हिले." सगळी रांग माझ्याकडं पाहायला लागली. मी काय केलं? मी म्हटलं, "इथं नको मनकर्णाबाई. उद्या सकाळी घरी ये, शंकराच्या देवळामागं." फी ठेवली, अन् चष्म्याचं घर तिथंच विसरून बाहेर पडलो.

बाहेर भर अकराचं ऊन. संत्र्याच्या गाड्या मंडीकडं चालल्या होत्या, अन् मी रस्त्याच्या कडेनं असा चाललो जसं मागून कोणी हाक मारणार आहे. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं. गिरणी सहा वर्षांपूर्वी बंद पडली. मॅनेजर रघुनाथराव नागपूरला पोराकडं गेले अन् तिथंच वारले. हजेरीची रजिस्टरं रद्दीत गेली, मी स्वतः पोत्यात भरून दिली होती. इंदू गेली. आता त्या दिवशी पिंजणखात्यात कोणाचा हात गेला हे लिहून देऊ शकेल असा गिरणीच्या ऑफिसातला माणूस एकच उरला होता, अन् तो चष्म्याचं घर विसरून घरी पळत होता. मला माझीच चीड आली. इतकी की एका हातगाडीवाल्यावर उगाच खेकसलो.

आता हे इंदूचं नाव आलं कुठून ते सांगायला पाहिजे, अन् ते सांगायचं म्हणजे ब्रेकचं सांगायला पाहिजे. कायदा असा, की कामगारानं वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, की त्याला उगाच कोणी "उद्यापासून येऊ नको" म्हणू शकत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, तो माणूस हिशेबात धरावा लागतो. म्हणून गिरणीत काय करायचे? दोनशे तीस दिवस भरले की नाव कापायचे. याला आम्ही ब्रेक म्हणायचो. दोन-अडीच महिने बाई घरी, मग पुन्हा नव्यानं भरती, पुन्हा एकपासून मोजणी. मनकर्णा अकरा वर्षं गिरणीत होती अन् अकराही वर्षं नवी होती. हे दिवस मोजायचं काम कोणाचं? टाइमकीपरचं. माझ्याजवळ यादी असायची, कोणाचे किती भरले. रघुनाथराव महिन्याच्या शेवटी केबिनमध्ये बोलवायचे, "बेलखडे, या खेपेला कोणकोण?" अन् मी नावं वाचायचो. दोनशे अठ्ठावीस, दोनशे तीस, दोनशे एकोणतीस. माझी मोजणी कधी चुकली नाही. तेव्हा मला याचा अभिमान होता, आज कोणी विचारू नये.

पण माझं मन काही दगडाचं नव्हतं. म्हणजे तेव्हा मी असंच समजत होतो. बायका ब्रेकचं ऐकून टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. भांडायच्या नाहीत, रडायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. मग मीच एक रस्ता काढला. मनकर्णेच्या धाकट्या जावेनं, इंदूनं, गिरणीत सहा महिने काम केलं होतं. रुईच्या धुळीनं तिला दमा धरला अन् ती घरी बसली, पण तिचं नाव मी हजेरीतून काढलं नव्हतं, विम्याचं कार्डही तसंच होतं. तर मनकर्णेचा ब्रेक लागला की दुसऱ्या दिवसापासून ती इंदू. तोच डबा, तीच मशीन, तोच अंगठा, फक्त ओळ दुसरी. काम सुटत नाही, चूल बंद पडत नाही. अशा आठ-दहा बायका मी बदललेल्या नावांनी चालवत होतो. रघुनाथरावांना माहीत होतं, ते खिडकीतून दुसरीकडं पाहायचे. अन् बायका मला देवमाणूस म्हणायच्या. संत्र्याच्या दिवसांत माझ्या टेबलाखाली पिशवी असायचीच. मी ती घरी न्यायचो, मीनापुढं ठेवायचो, सांगायचो, बघ, लोक जीव लावतात. मीना संत्री घ्यायची, बोलायची काही नाही. ती माझी बायको आहे, तिला मी पगाराच्या कागदासारखा वाचता येतो.

टाइम ऑफिसच्या बाहेर भिंतीवर एक पाटी होती, पत्र्याची, निळी, पांढऱ्या अक्षरांची. कारखान्याच्या कायद्याचं सार, हिंदीत. कायद्यानंच ती लावावी लागते, कामगाराला समजेल अशा भाषेत. दिवाळीत मी स्वतः ती ओल्या फडक्यानं पुसायचो. कामाचे तास, पिण्याचं पाणी, पाळणाघर, आठवड्याची सुटी. त्यात एक ओळ होती की चालू मशीनची साफसफाई बायकांकडून करून घेऊ नये. मी ती बावीस वेळा पुसली असेल. वाचलीही असेल. पाटी कशासाठी असते? इन्स्पेक्टरसाठी असते, असं मला वाटायचं. ज्यांच्यासाठी होती त्या तिच्याखाली डबे सोडून बसायच्या, अन् त्यांच्यातल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. एकदा तरी मोठ्यानं वाचून दाखवावी असं मला का नाही सुचलं? काय गेलं असतं माझं? अर्धा तास. मी तर तासांचाच माणूस होतो.

माघ महिना होता. मनकर्णेचे दोनशे तीस भरून नऊ दिवस झाले होते, म्हणजे ती नऊ दिवसांची इंदू होती. दुपारचे दोन चाळीस. चाळीसच, मी घड्याळ पाहिलं होतं, ती सवय जात नाही. पिंजणाच्या मशीनखाली रुईचा कचरा साचतो. तो काढायचा तर मशीन थांबवावी लागते, अन् थांबवली की पुन्हा वेग धरेपर्यंत वीस मिनिटं जातात. म्हणून बायका चालू मशीनखालीच हात घालून झाडूनं ओढायच्या. झाडूची काडी अडकली, तिनं सोडली नाही. ओरडली असं कोणी सांगत नाही. मी गेलो तेव्हा ती उभी होती, उजवा हात डाव्यानं धरून, अन् पायाशी पिंजलेली पांढरी रुई लाल होत चालली होती. मी तीच रुई ओंजळी भरभरून तिच्या हातावर दाबली. जीपमध्ये घातली, नागपूरचा रस्ता धरला. सावनेरच्या अलीकडं ती अर्धवट शुद्धीत होती, डोकं माझ्या खांद्यावर. अन् माझ्या डोक्यात काय चाललं होतं? हजेरी! आज हजेरीत मनकर्णा नाही. मनकर्णा ब्रेकवर आहे. जी हजेरीत नाही तिला विमा नाही, तिला कायदा नाही, तिला काहीच नाही. इंदू हजेरीत आहे. मी तिच्या कानाशी वाकलो अन् म्हटलं, "हे बघ, दवाखान्यात नाव विचारतील. इंदू सांग. मनकर्णा सांगशील तर काही मिळणार नाही, ऐकलंस?" तिनं डोळे उघडले. "अन् बाबूजी, मालकाचं नाव विचारलं तं?" मला आधी समजलंच नाही. मग समजलं, मालक म्हणजे नवरा. इंदूचा नवरा तुळशीराम म्हणजे हिचा धाकटा दीर. "देराचं नाव नवरा म्हून सांगू?" बोटं गेलेली बाई, अन् तिला लाज वाटली ती याची. मी म्हटलं, सांग.

सांगितलं तिनं. पदर तोंडावर ओढून सांगितलं. महिनाभर त्या वॉर्डात ती इंदूबाई होती. नर्स विचारायची, इंदूबाई, तुमचे तुळशीराम आज नाही आले? मग तुळशीरामला यावं लागायचं, अन् तो नळाजवळ पाठ करून उभा राहायचा. तिचा खरा नवरा भेटीच्या वेळेला भाऊ म्हणून आत यायचा, स्टुलावर बसायचा, अन् वेळ संपली की उठायचा. मी दोनदा गेलो, संत्री घेऊन. तिसऱ्यांदा गेलो नाही. कागद सगळे इंदूचे झाले, मोठ्या डॉक्टरांनी हात तपासला तोही इंदूचा, अन् जन्मभराची पेन्शन लागली ती इंदूच्या खात्यात. इंदू मात्र सोन्यासारखी बाई. दर महिन्याला बोरगावच्या बँकेतून पैसे काढायची अन् रुपयाही न ठेवता जावेच्या हातात द्यायची. दर नोव्हेंबरात दम्यानं धापा टाकत येऊन आपल्या अंगठ्यानं सांगून जायची की हाताला बोटं नसलेली बाई जिवंत आहे. रघुनाथरावांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता. "बेलखडे, तुमाले देवानंच सुचवलं." पुढं समजत गेलं त्यांना आनंद कशाचा झाला ते. बदललेल्या नावांची, ब्रेकची, चालू मशीनची चौकशी झालीच नाही. माझ्या दयेचा सगळ्यात जास्त फायदा गिरणीला झाला, अन् त्या चहात साखर जास्त होती एवढंच तेव्हा मला खटकलं होतं.

घरी पोचलो तर मीना तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "मंग सांगून द्या नं उद्या ऑफिसात. कायले भेता?" मी म्हटलं, भिण्याचा प्रश्न नाही, कागद बघावे लागतील, इतक्या वर्षांनी काय उपयोग, वगैरे वगैरे. तेव्हा तिनं मान वर केली. "तुमाले देवमाणूस म्हणवून घ्याची सवय लागली, तेच होऊन राहिलं हे. आता सांगाल तं लोकं म्हणतीन, हा तं खोटं लिहिणारा बाबू होता. एवढंच न?" छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला चार-पाचदाच असं उघडं केलं असेल. मी आत जाऊन पडलो. झोप नाही, नुसता पंखा पाहत राहिलो. त्या भर दुपारी मला राहून राहून जीपमधला तो खांदा आठवत होता, तिचं डोकं टेकलेला, अन् वाटत होतं की त्या वेळी मी एकच शब्द बोललो नसतो, तोंड मिटून बसलो असतो, तरी चाललं असतं. तिनं आपलं नाव आपोआप खरं सांगितलं असतं. माणूस शुद्धीत नसला तरी आपलं नाव सांगतोच.

दुसऱ्या दिवशी ती आली, साडेनऊला, पिशवीत संत्री घेऊन. मला ती पिशवी पाहवेना. "कायले आणली?" मी चिडूनच बोललो. "घरची हायत बाबूजी, दोन झाडं हायत दारापाशी," ती म्हणाली, अन् मीनाच्या शेजारी जमिनीवर बसून चहा प्यायली, डाव्या हातात कप धरून अन् उजव्या अंगठ्यानं खालून टेकू देऊन. मीनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "कसं चालून राहिलं वो?" "चालते बाई. मालक अंथरुणावर हाय, दोन वर्षं झाली, लकवा. त्या पेन्शनवर त्याच्या गोळ्या चालत. आता पाहू." पाहू म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी टेबलाशी बसलो अन् अर्ज लिहिला. सुंदर अक्षर आहे माझं, सगळे म्हणतात. त्या तारखेला त्या मशीनवर काम करणारी बाई इंदू नसून मनकर्णा होती, अन् खोटं नाव मी, मुकुंद बेलखडे, टाइमकीपर, यानं लिहिलं अन् सांगायला लावलं. त्या तारखेसमोर तिचं खरं नाव लिहायला मला नऊ वर्षं लागली. लिहून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं. पोटभर श्वास आला.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून श्रम विभागाचं एक छोटं ऑफिस इथं बसतं, दोन खोल्या, आत एक बाकडं, बाहेर एक. अमृता मॅडम म्हणून अधिकारी आहेत, पस्तिशीच्या आत-बाहेर. त्यांनी माझा अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मनकर्णेचा हात पाहिला, पण हिमानीसारखी नजर वळवली नाही. "तुम्ही नाव का बदलायला सांगितलं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, ती ब्रेकवर होती. हजेरीत नव्हती. खरं नाव सांगितलं असतं तर बिचारीला काहीच मिळालं नसतं." मॅडमनी अर्ज खाली ठेवला. मग हळू बोलल्या, आपल्या वडिलांना समजवावं तशा. "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती त्या मशीनवर काम करत होती ना? बस. कायद्याला एवढंच पाहिजे असतं. नाव हजेरीत असो की नसो, मालकानं पैसे भरले असोत की नसोत. हे कायदे झालेच मुळी अशा लोकांसाठी, ज्यांचं नाव कोणी लिहीत नाही. तिनं मनकर्णा सांगितलं असतं तर विमा मिळाला असता, वरून चालू मशीनबद्दल मालकावर केस झाली असती, अन् अकरा वर्षांच्या त्या ब्रेकचं पण सगळं बाहेर आलं असतं. कदाचित तिच्यासोबतच्या बायकाही पर्मनंट झाल्या असत्या."

मी खुर्चीचा हात धरला. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की मी चूक केली ती खोटं लिहिण्याची. चांगल्यासाठी लिहिलेलं खोटं, एवढाच माझा गुन्हा. पण त्यात चांगलं काही नव्हतंच, त्या खोट्याची गरजच नव्हती! माणूस काम करत होता, तेवढं पुरत होतं. अन् मी, ज्यानं पाटी बावीस वेळा पुसली, ज्याच्या ड्रॉवरमध्ये कायद्याचं पिवळं पुस्तक झुरळांच्या तोंडी पडलं होतं, मला वाटायचं की कायदा रजिस्टर पाहतो. कारण रजिस्टर माझं होतं. माझ्या ओळीबाहेर माणूस नाही, असं मी धरून चाललो होतो. ती जीप, तो खांदा, तो नळाजवळ पाठ करून उभा राहिलेला तुळशीराम. कशासाठी? मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मनकर्णा बाकड्यावरून माझ्याकडं काळजीनं पाहत होती. तिला यातलं किती समजलं मला माहीत नाही.

"आता पण होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या, अन् मी मान वर केली. "उशीर झालाय, विम्याच्या ऑफिसला लिहावं लागेल, वेळ लागेल. पण हात तिचाच आहे, डॉक्टरांचे कागद आहेत, अन् तुमचा जबाब आहे. आजींनी जबाब दिला की मी पुढं पाठवते. फक्त काका, एक सांगून ठेवते. खोटी नोंद तुम्ही केली हे तुम्ही लिहून देताय. चौकशी तुमचीही होईल. पोलीस स्टेशनलाही विचारू शकतात. तयारी आहे?" मी म्हटलं, "आहे." तेव्हाच मनकर्णा उठून टेबलाशी आली. "पोलीस कोणाले, बाई?" "तुम्हाला नाही आजी. तुम्ही घाबरू नका." "मले नाही, बाबूजीले?" मॅडम म्हणाल्या, "त्यांना विचारतील, आजी. कायदा आहे तो." मनकर्णेनं माझ्याकडं पाहिलं. जीपमध्ये डोळे उघडले होते तसंच, सगळं नीट समजून घेतल्यासारखं. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मॅडम, राहू द्या," ती म्हणाली. "बाबूजीचं वय झालं, त्याह्यले याद नाही राहत. माहा हात तं घरी गेला. कुट्टीच्या मशीनीत, ढोराचा चारा कापताना. गिरणीचा काही संबंध नाही."

"मनकर्णे!" मी ओरडलो. "मॅडम, खोटं बोलून राहिली ती! मी होतो तिथं, मी माझ्या हातानं रुई दाबली..." "बसा काका," मॅडम म्हणाल्या. त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी तिला तीन वेळा विचारलं. समजावलं, बाकड्यावर बसवलं, एकदा मला बाहेर काढून एकटीला विचारलं. बाहेर उभा राहून मला आतलं ऐकू येत होतं. "त्या माणसानं मले अकरा वर्षं उपाशी राहू नाही देलं, बाई. त्याह्यच्याच पायी पेन्शन खाल्ली नऊ वर्षं. आता या वयात त्याह्यले चौकीत उभं करू? मले वर देवाले तोंड दाखवाचं हाय का नाही?" "आजी, उपकार नव्हते ते. तुमचा हक्क होता." "असन बाई. पण तवा हक्क काही नव्हता आला नं. बाबूजीच आले होते." मी भिंतीला टेकलो. अन् लाज वाटते सांगायला, पण सांगतो. मला हायसं वाटलं. नऊ वर्षांचा पश्चात्ताप, सकाळचा तो पोटभर श्वास, सगळं एका बाजूला, अन् चौकी टळली याचं हायसं एका बाजूला. आत जाऊन मी पुन्हा बोललो, मोठ्यानं, हातवारे करून, पण आता मला माहीत होतं की माझ्या बोलण्यानं काही होणार नाही. म्हणूनच आवाज एवढा चढला असेल.

"मी जबरदस्तीनं लिहून घेऊ शकत नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुमचा अर्ज मी ठेवते, काका. पण जिचा हात आहे तीच नाही म्हणते." त्यांनी मनकर्णेचा जबाब चार ओळींत लिहिला, वाचून दाखवला. कुट्टीची मशीन, घरी, गिरणीशी संबंध नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. मग कागद तिच्यापुढं सरकवला अन् शाईचा पॅड उघडला. मनकर्णेनं डाव्या हातानं कागद दाबून धरला अन् उजवा हात पुढं केला, बायकांचा उजवाच अंगठा घ्यायची रीत. तो एकटा अंगठा पॅडवर टेकेना. बोटांचा आधार नाही, तर जोर कुठून येणार, तो आडवा पडायचा, सरकायचा. दोनदा केलं, दोनदा कागदावर काळा फराटा आला. "बाबूजी," ती माझ्याकडं वळून थोडी हसली, "धरता का जरा? तुमाले सवय हाय."

मी नाही म्हणू शकत होतो. हात मागं घेऊ शकत होतो, बाहेर जाऊन बाकड्यावर बसू शकत होतो. मॅडम माझ्याकडंच पाहत होत्या. मी पुढं झालो. तिचं मनगट धरलं, ते पूर्वीपेक्षा हलकं झालं होतं. अंगठा शाईत बुडवला, कागदावर ठेवला, डावीकडून उजवीकडं लोळवला, अन् सोडला. ठसा स्वच्छ आला, एकही रेघ पुसट नव्हती.